आधी उठून बघा
(दहावी 1985 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या ‘माझं काम’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या कामाबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोल. माझ्याआधी आपला डॉक्टर बोलला, तो हृदयावर बोलला. मग बँकेतून निवृत्त झालेली आपली मैत्रीण निवृत्तीच्या पैशांवर बोलली. आता मी. मी सोफे करतो, तेव्हा मी सोफ्यावर बोलणार. क्रम बरोबर लावलाय. हृदय आणि पैसा दोन्ही सांभाळून झालं की माणूस शेवटी सोफ्यावरच येऊन बसतो.

ज्यांची माझी गाठ बऱ्याच वर्षांत पडली नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. दहावीला मला बेचाळीस टक्के पडले. हे सरांना आठवत नसेल तर फारच बरं. मग आयटीआयला सुतारकाम केलं, सहा वर्षं पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ एका मिस्त्रींच्या हाताखाली काढली, आणि परत येऊन इथेच कराडला छोटा कारखाना टाकला. कारखाना म्हणजे मी, पाच कारागीर आणि एक टॅकर मशीन. त्याला आता तीस वर्षं झाली.

गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी सात जणांचे मला फोन आले. सगळ्यांचं कारण एकच. मुलाचं लग्न ठरलंय, किंवा नवा फ्लॅट घेतलाय, किंवा जुना सोफा बसून बसून खड्ड्यात गेलाय. ‘अरे, सोफा घ्यायचाय, कुठला घेऊ?’ आणि मग तीन प्रश्न. एल आकाराचा घेऊ की सरळ? कापडाचा घेऊ की लेदरचा? रंग कुठला? तिन्ही प्रश्न चांगले आहेत. पण चौथा प्रश्न सातांपैकी एकानंही विचारला नाही. तो प्रश्न असा, की या सोफ्यावरून उठणार कोण आहे?

आज सकाळी इथे काय झालं ते आठवा. दीपप्रज्वलनाच्या वेळी बाईंचं नाव पुकारलं. बाई व्यासपीठावरच्या सोफ्यावर बसल्या होत्या. मंडपवाल्याचा सोफा, लाल मखमल, सोनेरी कड, दिसायला राजेशाही. बाईंनी एकदा उठायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, आणि मग आपल्यातले दोघे धावत गेले आणि त्यांनी हात दिला. आपण टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या. पण ज्या बाई आपल्याला पहिल्या तासाला ‘ताठ बसा’ म्हणायच्या, त्यांना तसं उठवून घेणं आवडलं नसणार. बाई, चूक तुमच्या गुडघ्यांची कमी आणि त्या सोफ्याची जास्त होती. ते कसं, हे सांगायला मी उभा आहे.

आपले विज्ञानाचे सर आज आपल्यात नाहीत. त्यांचा एक तास तुम्हाला आठवतोय का बघा. गुरुत्वमध्य शिकवताना त्यांनी मला पुढे बोलावलं होतं, कारण मी गप्पा मारत होतो. खुर्चीवर बसवलं. म्हणाले, ‘पाठ सरळ ठेव, पाय समोर ठेव, आता पुढे न वाकता उठ.’ मी जोर लावला, चेहरा लाल झाला, वर्ग हसत सुटला, पण मला उठता येईना. मग सर म्हणाले, ‘आता पाय खुर्चीखाली घे, अंग पुढे झुकव आणि उठ.’ झटक्यात उठलो. शरीराचा भार पावलांच्या वर आला तरच माणूस उभा राहतो, एवढाच तो धडा होता. मी तो परीक्षेत लिहिला नाही. पण पुढे तोच धडा माझ्या पोटापाण्याचा निघाला, आणि एकदा तोच विसरल्यामुळे माझ्या घरात काय झालं ते आता सांगतो.

2016 साली आम्ही पेठेतलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो. सोफे करणाऱ्याच्या घरचा सोफा कसा पाहिजे? लोकांनी बघून ऑर्डर दिली पाहिजे. मी हौसेनं मोठा एल आकाराचा सोफा केला. खाली जमिनीपर्यंत बंद पेटीसारखा, बुटका, खोल, गुबगुबीत. राखाडी कापड, वर पिवळ्या उशा. येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, ‘वा!’ मला दोन ऑर्डरीही मिळाल्या.

आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. जुन्या घरी सोप्यात एक बाकडं होतं. दिवसभर ती त्यावर बसायची. भाजी तिथेच निवडायची, गल्लीतल्या बायका तिथेच यायच्या, कोण आलं, कोण गेलं, दूधवाल्याचा हिशोब, सगळं त्या बाकड्यावरून चालायचं. फ्लॅटमध्ये आल्यावर ती आतल्या खोलीत पलंगावर बसू लागली. मी म्हटलं, नवी जागा आहे, रुळेल हळूहळू. मग म्हटलं, वय झालं, आता फार बोलावंसं वाटत नसेल. माणूस आपल्या सोयीची कारणं शोधतो. असे आठ महिने गेले.

एके दिवशी माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, आजी आपल्या सोफ्यावर कधी बसतच नाही. पाहुणे आले की ती आत जाते.’ तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आईला विचारलं. आधी म्हणाली, ‘छान आहे की तुझा सोफा.’ पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘अरे, त्यात बसलं की मी खाली जाते. उठायला तू नाहीतर सूनबाई लागते. चार माणसांत कुणी तसं ओढून उठवलेलं नको वाटतं. तू एवढ्या हौसेनं केलास, म्हणून बोलले नाही.’

मी तीस जणांच्या घरी जाऊन त्यांची मापं घेणारा माणूस. त्या रात्री सगळे झोपल्यावर टेप घेऊन मी माझाच सोफा मोजला. बैठकीची उंची पंधरा इंच. वरचा फोम मऊ, माणूस बसला की चार इंच दबणारा. म्हणजे खरी उंची अकरा इंच, आपल्या पहिलीच्या पोरांच्या बाकापेक्षा कमी. बैठकीची खोली सव्वीस इंच. आई चार फूट दहा इंच. तिची पाठ टेकेपर्यंत तिचे पाय जमिनीवरून सुटायचे, आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहायची. हात ठेवायला कडेला जाड मऊ उशीसारखा भाग, त्यावर जोर दिला की तोही दबायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालची बंद फळी. उठताना पाय मागे घ्यावे लागतात, सरांनी सांगितलेलंच, आणि माझ्या सोफ्यात टाच मागे जाऊन फळीला अडायची. माझ्या आईला उठता येऊ नये याची मी चारही बाजूंनी सोय करून ठेवली होती.

दुसऱ्याच आठवड्यात मी तिच्यासाठी एक खुर्ची केली. सागवानाची फ्रेम, बैठक सतरा इंच उंच आणि अठरा इंच खोल, घट्ट फोम, लाकडी हात बैठकीपासून आठ इंच वर आणि पुढे मुठीत धरता येतील असे गोल केलेले. खाली पूर्ण मोकळं. ती दरवाजासमोर ठेवली. आई तीन-चार दिवस लांबूनच बघत होती. मग एक दिवस मी कारखान्यातून आलो तर बाई मेथीची जुडी घेऊन त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि सोसायटीच्या वॉचमनची चौकशी चालू होती, ‘गाव कुठलं तुझं?’ महिनाभरात मजल्यावरच्या तिन्ही घरांची माहिती तिला माझ्यापेक्षा जास्त होती. गुडघे तेच होते. खुर्चीनं गुडघे बरे होत नाहीत, ते काम डॉक्टरचं. पण तिला बसायचं आणि उठायचं कुणाला न विचारता जमू लागलं.

म्हणून आता तुम्हाला सोफा घ्यायचा असेल तर काय बघायचं, ते क्रमानं सांगतो. दुकानात जाताना टेप बरोबर ठेवा, आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर न्या. माणूस टेपपेक्षा महत्त्वाचं.

पहिली गोष्ट, उंची. गुडघ्यामागची जी लवण असते, तिथून टाचेपर्यंत मोजा. बसल्यावर, म्हणजे फोम दबल्यावर, बैठक त्या मापाएवढी राहिली पाहिजे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी इंच-दोन इंच जास्त. आपल्याकडच्या बहुतेकांना सतरा-अठरा इंच जमते. उंच माणसाला एकोणीसही चालते. पण ‘जास्त उंच तितकं चांगलं’ असंही नाही. बुटक्या माणसाचे पाय लोंबकळले की मांडीखाली कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. हल्ली फॅशन बुटक्या सोफ्यांची आहे. फोटोत खोली मोठी दिसते, ते खरं. पण फोटोला गुडघे नसतात.

दुसरी गोष्ट, खोली. पाठ पूर्ण टेकवून बसा. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांत तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे. वीस ते बावीस इंच आपल्या अंगकाठीला पुरते. त्यापेक्षा खोल सोफा म्हणजे मग पाठीमागे उशी, उशीमागे उशी, आणि पाहुणा आला की उशा कुठे ठेवायच्या हा प्रश्न.

तिसरी गोष्ट, हात. कडेचे हात कडक पाहिजेत. त्यावर तळवा ठेवून सगळा भार द्या. ते हलले किंवा दबले तर तो दागिना आहे, आधार नाही.

चौथी गोष्ट, खालची मोकळी जागा. बसून दोन्ही टाचा मागे घेऊन बघा. चार-पाच इंच तरी मागे गेल्या पाहिजेत. शिवाय खाली मोकळं असलं की झाडू फिरतो. ज्या घरात पुरुष झाडू मारतात तिथे मला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग शेवटची परीक्षा. दुकानात आपण सोफ्यावर बसून बघतो, दोनदा वरखाली करतो, ‘मऊ आहे’ म्हणतो. तसं करू नका. पंधरा-वीस मिनिटं बसा. दुकानदार चहा देतोच, तो संपेपर्यंत बसा. मग हात न लावता उठून बघा. बरोबरच्या वयस्कर माणसाला तीन वेळा बसायला आणि उठायला लावा. पहिल्यांदा सगळेच जोर लावून उठतात. तिसऱ्या वेळी खरं काय ते कळतं.

आता आतल्या गोष्टी. सोफा म्हणजे वरून कापड, आत फोम, खाली बेल्ट किंवा स्प्रिंग आणि सगळ्यात आत लाकडाचा सांगाडा. कापड तुम्हाला दिसतं, म्हणून सगळे प्रश्न कापडाचे असतात. टिकतो तो सांगाड्यावर.

सोफ्याला पुढच्या एका पायाला धरून त्या कोपऱ्यातून सहा इंच उचला. दुसरा पायही लगेच वर आला तर सांगाडा घट्ट. दुसरा पाय जमिनीलाच राहिला आणि फ्रेम पिळली, तर सांधे कच्चे. मग सोफा उलटा करून खालचं काळं कापड बघायला सांगा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. लाकूड सागवान असेल तर उत्तमच, त्यातही बल्लारशाकडचा सागवान आला तर आम्ही सुतार त्याला हात लावून मगच रंधा मारतो. पण सगळ्यांनी सागवानच घ्यावा असं मी म्हणणार नाही. नीट वाळवलेलं, कीड न लागलेलं कडक लाकूड आणि चांगला प्लायवूड यांचा सांगाडा पंधरा वर्षं आरामात जातो. प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का असतो. साध्यावर 303 आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवर 710 हा आकडा असतो, तो वाचा. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा. भिंतीवरच्या शोकेसला तो चालेल, माणसाच्या वजनाखाली त्यात स्क्रू धरत नाही. आणि ओलं, न वाळलेलं लाकूड तर पहिल्या उन्हाळ्यात आक्रसतं आणि सांधे बोलायला लागतात. तुम्ही बसलात की सोफा ‘कुर्र’ म्हणतो, तो तोच आवाज.

आता फोम. इथे पुन्हा आपल्या विज्ञानाच्या सरांना नमस्कार. घनता म्हणजे काय? वस्तुमान भागिले आकारमान. बघा, मागच्या बाकावरून आवाज आला, इतक्या वर्षांनी. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, बत्तीस डेन्सिटी आहे, चाळीस डेन्सिटी आहे.’ त्याचा अर्थ एवढाच, की त्या फोमच्या एक घनमीटर तुकड्याचं वजन बत्तीस किलो, किंवा चाळीस किलो. आता दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि पाच इंच जाड अशी बैठकीची गादी घ्या. बत्तीसचा फोम असेल तर ती साधारण दीड किलो भरली पाहिजे. चाळीसचा असेल तर एक किलो नऊशे ग्रॅमच्या आसपास. आणि ती एक किलोच भरली, तर समजा की आत वीस-बावीसचाच फोम आहे. खोळीला चेन असते. फोम बाहेर काढा, वजनकाट्यावर ठेवा. भाजीवाल्याचा काटाही चालेल. बैठकीला बत्तीसच्या खाली जाऊ नका, रोजच्या वापराला चाळीस बरा. पाठीला हलका चालतो.

पण एक लक्षात घ्या. डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडक असतोच असं नाही. डेन्सिटीवरून टिकाऊपणा कळतो, मऊ-कडक हा वेगळा गुण आहे, तो बसूनच कळतो. स्वस्त फोम दुकानात छान गुबगुबीत लागतो. दीड-दोन वर्षांत तो बसतो आणि मग तुम्ही फोन करता, ‘अरे, खड्डा पडला.’ खड्डा त्या दिवशीच घेतलेला असतो, दिसतो नंतर.

कापडाबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यावर बोलणारे घरोघरी आहेत. चामड्यासारखं दिसणारं स्वस्त रेक्झिन आपल्या उन्हात काही वर्षांत पापुद्रे सोडतं, अंगाला चिकटतं. खरं चामडं टिकतं, पण पावसाळ्यात बंद घरात त्यावर बुरशी येते. चिपळूण-रत्नागिरीकडच्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. घट्ट विणीचं, चेन लावून काढता आणि धुता येणारं कापड आपल्याकडे सगळ्यात सोयीचं. तीन जणांच्या सोफ्याला चौपन्न इंच पन्ह्याचं कापड साधारण सात-आठ मीटर लागतं. बांधून घेत असाल तर एक मीटर जादा घेऊन कपाटात ठेवा. पाच वर्षांनी नातवानं शाई सांडली की तो तुकडा कामी येतो. आणि कापडाचा नमुना घरी नेऊन बघा. दुकानातल्या दिव्याखाली बदामी दिसणारा रंग तुमच्या ट्यूबखाली हिरवट निघतो. सकाळी एकदा, रात्री एकदा बघा, मग ठरवा.

आता एल आकार. ज्यांना आवडतो त्यांनी जरूर घ्यावा. फक्त दोन गोष्टी. एक, एलच्या कोपऱ्यात कुणी बसत नाही. तिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे रिमोट आणि वर्तमानपत्र बसतं. पैसे मात्र त्या जागेचेही द्यावे लागतात. दोन, आपल्या घरातला हॉल वर्षातून चार-पाच वेळा रिकामा करावा लागतो. गणपती बसतात, सत्यनारायण असतो, हळदीकुंकू असतं, बारसं असतं, गावाकडची माणसं मुक्कामाला येतात आणि रात्री हॉलमध्ये गाद्या पडतात. तो अवजड एल तेव्हा हलवायचा कुठे? माझं मत विचाराल तर एक सरळ सोफा घ्या आणि दोन सुट्या, हात असलेल्या खुर्च्या घ्या. सुट्या खुर्च्या हव्या तशा फिरतात. गप्पा मारणारी माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात. एका ओळीत बसलेली माणसं फक्त टीव्हीकडे बघतात.

ऑर्डर देण्याआधी जुनी वर्तमानपत्रं घ्या, सोफ्याच्या मापानं जमिनीवर पसरा, चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस त्याच्या कडेनं घरात वावरा. ये-जा करायला अडीच फूट मोकळी वाट राहते का, गॅलरीचं दार उघडतं का, ते समजतं. आणि दरवाजा, लिफ्ट, जिन्याचं वळण मोजा. माझ्या एका गिऱ्हाइकानं बाहेरून सोफा आणला, तो जिन्यात वळेना. शेवटी दोरखंड बांधून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वर ओढला. मी खाली उभा राहून बघत होतो. देव आठवला.

जाता जाता जुन्या सोफ्याबद्दल. वडिलांनी केलेला सोफा भंगारात द्यायच्या आधी एकदा उलटा करून बघा. सांगाडा सागवानाचा आणि सांधे घट्ट असतील तर नवा बेल्ट, नवा फोम, नवं कापड घालून तो पुन्हा वीस वर्षं चालतो. पूर्वीच्या सोफ्यांची उंची चांगली असायची. मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय असं वाटेल, पण दुरुस्तीही मीच करतो, त्यामुळे काळजी नसावी.

मित्रांनो, आपण आता पंचावन्न-छप्पन्नचे. आज सोफा घेतला तर तो पंधरा वर्षं घरात राहणार, म्हणजे आपण सत्तरीला पोचेपर्यंत. तेव्हा आजच्या आपल्या गुडघ्यांसाठी सोफा घेऊ नका, सत्तरीच्या गुडघ्यांसाठी घ्या. आणि ज्यांचे आईवडील घरात आहेत, त्यांना एक विनंती. आज घरी गेल्यावर फक्त बघा, की ते कुठे बसतात. हॉलमध्ये बसतात की आत? पाहुणे आल्यावर उठून आत जातात का? स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात का? ते सांगणार नाहीत. ‘मला इथंच बरं वाटतं’ म्हणतील. माझी आईही तेच म्हणायची.

आई 2021 मध्ये गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती रोज संध्याकाळी त्या खुर्चीत येऊन बसत होती. ते आठ महिने मात्र मला तिला परत देता आले नाहीत. एल आकाराचा तो सोफा मी नंतर काढून टाकला. खुर्ची अजून दरवाजासमोर आहे. आता तिच्यात माझी बायको भाजी निवडते आणि मला कामं सांगते.

बाई, आता एक तुमच्याकडे मागणं आहे. चहाच्या सुट्टीत मी तुमचं माप घेणार आहे. शाळेच्या सभागृहासाठी मी हात असलेल्या चार खुर्च्या करून देणार आहे, मुख्याध्यापकांशी बोलून झालंय. पुढच्या मेळाव्याला आपले सगळे सर आणि बाई त्या खुर्च्यांवर बसतील. तुमचं नाव पुकारल्यावर तुम्ही स्वतः उठून यायचं, आणि आम्हाला ‘ताठ बसा’ म्हणायचं. लाकूड आणून ठेवलंय. बेचाळीस टक्क्यांच्या मुलाचा गृहपाठ समजून तेवढा तपासा.

माझं बोलणं संपलं. आता सगळ्यांनी उठायचंय, चहा तयार आहे. उठताना आपापल्या टाचा कुठे आहेत तेवढं बघा.